सासऱ्यांचा फोटो आणि बंद तिजोरी

अपेंडिक्ससाठी बायकोला धंतोलीतल्या दवाखान्यात भरती केलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "मागे कोणत्या इंजेक्शननं ओठ-गळा सुजला होता?" नाव ना तिला आठवेना, ना मला. ते दिलं तो जुना दवाखाना तर कधीच बंद पडलेला. तरी मी रुबाबात म्हणालो, "रिपोर्ट घरच्या कॉम्प्युटरवर आहे. आत्ता सांगतो."

घरातले पासवर्ड आणि महत्त्वाचे कागद सांभाळायला मी एक फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं होतं. त्याचा कोड साऱ्या जगाला खुला, आत ठेवलेलं मात्र कुणालाच दिसत नाही. उघडायला पासवर्ड हवा, आणि शिवाय किल्ली म्हणून आपणच निवडलेली एखादी फाइल. मी सासऱ्यांचा फोटो निवडला. भिवापूरचं अंगण, मिरच्यांचा ढीग, कपाळावर आठ्या. म्हटलं, यांना ओलांडून कोण आत शिरतो!

घरी येऊन पासवर्ड टाकला, फोटो दिला. उघडेना. पुन्हा केलं. नाहीच.

"बाबा, तो फोटो मी कापला ना," मागून मुलगी म्हणाली. "आजोबा गेले तेव्हा, फ्रेमसाठी. मिरच्या काढल्या, थोडा उजळवला, अन् त्यावरच सेव्ह केला."

किल्लीची फाइल तसूभर बदलली तरी कुलूप तिला ओळखत नाही, यावर मी घरात व्याख्यान दिलं होतं. किल्ली कोणती, तेवढं सांगितलं नव्हतं. गुप्तता! या सॉफ्टवेअरमागे एखादी कंपनी असती तर फोन करून रडलो असतो. इथे रडायलाही कुणी नाही. फॅमिली ग्रुपवरचा तोच फोटो देऊन पाहिला. पाठवताना तो दाबून लहान झालेला, म्हणजे तोही परकाच.

मूळ फोटो भिवापूरला, मेहुण्याच्या कॅमेऱ्यातल्या कार्डात होता. त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही.

"कार्ड घेऊन नीघ. फोटो पाहू नको, हात लावू नको!" मी त्याला फोनवर बजावलं.

"काहून जी भाऊजी? पाहल्यानं बाबा घासतात काय?" मग आवाज उतरला. "निघून राहिलो."

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. दुखणं वाढलं होतं, आता थांबता येणार नव्हतं. मुलीला कॉम्प्युटरपाशी बसवून मी धावलो. डॉक्टर म्हणाले, दुसरं औषध आधी अगदी थोडं देऊन पाहू, लक्ष ठेवा. सुई टोचली.

"असे काय पाहून राहिले?" बायको कण्हत म्हणाली.

"काही नाही."

"रिपोर्ट भेटला?"

"आहे ना. एकदम सुरक्षित आहे," मी म्हणालो, आणि तिच्या ओठांवरची नजर हलवली नाही.