कराचीचं सासर

लग्नाला अठरा वर्षं झाली तरी सुलतानबीनं सासूचं तोंड पाहिलं नव्हतं. सून लातूरला, सासू कराचीला. वर्षातून दोन-तीन पत्रं यायची. ती लालमहंमद, म्हणजे तिचा नवरा, दुकानातच उघडायचा, वाचायचा आणि घरी येऊन एवढंच सांगायचा, "खैरियत हाय."

लालमहंमद मूळचा नांदेडकडच्या कंधारचा. त्याचे वडील निजामाच्या पोलिसात मुन्शी होते. पोलीस ॲक्शननंतर नोकरी गेली, भीती बसली आणि सन पन्नासमध्ये त्यांनी बायको-पोरांना घेऊन कराचीची वाट धरली. निघायच्या दिवशी पाच वर्षांच्या लालमहंमदला गोवर निघाला. अंगात ताप, प्रवास लांबचा. "महिन्याभरात बोलावून घेऊ," म्हणून आईनं त्याला कंधारलाच नणंदेकडं ठेवलं आणि थोरल्याला घेऊन मुदखेडला गाडीत बसली. पुढं कायदे बदलले, वडील तिकडंच वारले. तो महिना त्रेचाळीस वर्षांचा झाला.

आत्याच्या हाताखाली तो वाढला, नांदेडला बाइंडिंग शिकला आणि लातूरला येऊन त्यानं दुकान टाकलं. आधी कचेऱ्यांची दप्तरं आणि शाळांची रजिस्टरं बांधायचा. मग लातुरात क्लासचं वारं सुटलं. खेड्यापाड्यांतून पोरं येऊन खोल्या करून राहू लागली, आणि सरांच्या नोट्स बांधून देता देता लालमहंमदला जेवायला फुरसत मिळेना. त्यांची एकुलती लेक अलीझा दहावीत होती. तीही पहाटे पाचला उठून क्लासला पळायची.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात थोरल्या भावाचं पत्र आलं. अम्मीला दम लागतो, झोपेत तुझं नाव घेते. ते पत्र लालमहंमदनं घरी आणून सुलतानबीच्या हातात दिलं, तेव्हाच ती समजली, आता कराचीला जायचं. दिल्लीहून व्हिसा मिळायला ऑगस्ट उजाडला. अलीझाचं वर्ष बुडवायचं नव्हतं. सुलतानबीची आई औसा तालुक्यातल्या आपल्या गावाहून लेकीच्या घरी राहायला आली, आणि नवरा-बायको दोघं सप्टेंबरात निघाले.

कराचीच्या स्टेशनवर भाऊ भावाच्या गळ्यात पडला. घर एका अरुंद गल्लीत होतं. गल्लीत हैदराबाद, बिदर, उस्मानाबादकडून गेलेली बरीच बिऱ्हाडं. पण नवी पिढी तिथली होती. जाऊबाई तर लखनौकडच्या, बोलणं असं साफ की सुलतानबीला आपलं दखनी तोंडातून काढायची लाज वाटे. ती "नको" म्हणाली की जाऊबाईंच्या मुली हसत. पहिल्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन नाव नोंदवावं लागलं. शहराबाहेर जायचं नाही, जायचा दिवस ठरला की पुन्हा येऊन सांगायचं. सुलतानबीला हे सासर आहे की सक्तीचा मुक्काम, तेच कळेना. बाजारात गेली तरी ती जाऊबाईंच्या ओढणीचं टोक धरून चालायची.

एकटी सासूच काय ती जवळची वाटली. जैनबबी सत्तरीची, हाडांची मोळी झालेली. सुनेला पाहून तिनं हात पुढं केला आणि चक्क मराठीत विचारलं, "भाकर येती का गं तुला करायला? इथं कुनाला न्हाई येत."

सुलतानबी तिथंच खाली बसली. लातूर सोडल्यापासून नवऱ्याशिवाय पहिल्यांदाच कुणी तिच्याशी मराठीत बोललं होतं.

मग दुपारभर दोघींचं चाले. किल्ल्याच्या खंदकात अजून पाणी असतं का? अमकीच्या दारातलं बोराचं झाड हाय का? सुलतानबी कंधारला चार-दोन वेळाच गेलेली. जे ठाऊक नव्हतं तिथंही ती "हाय की" म्हणे. लालमहंमद आईच्या पायथ्याशी बसून दोघींकडं बघत राही. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, पण आई पाणी मागण्याआधी पेला घेऊन उभा. भावाचा छापखाना होता. भाऊ एकदा जेवताना म्हणाला, "व्हिसा वाढवून घेऊ. पुढचं पुढं बघू." लालमहंमद काही बोलला नाही. त्याचं ते गप्प राहणं सुलतानबीच्या छातीत काट्यासारखं रुतलं. दुकान, लेक, लातूर, हे सगळं तिकडं आहे, हे याच्या ध्यानात आहे ना?

सत्तावीस तारखेला अलीझाचं पत्र आलं. पंधरवड्यापूर्वीचं. अभ्यास चालू आहे, नानी रोज तेल लावते, शेजारच्या सिंधुमावशी बरबट्टीच्या शेंगांची भाजी पाठवतात. आणि शेवटी लिहिलं होतं, "अनंत चतुर्दशीला क्लासला सुट्टी आहे. नानी म्हणते दोन दिवस गावी चल. बघू."

तीस सप्टेंबरला, गुरुवारी, दुपारी सगळे जेवायला बसले असताना थोरले भाऊ छापखान्यातून अवेळी घरी आले. चप्पल न काढताच आत आले. म्हणाले, "रेडिओवर सांगतायत, हिंदुस्थानात जलजला झाला. लातूरचं नाव घेतलं."

लालमहंमद उठून उभा राहिला. सुलतानबीच्या हातात घास तसाच राहिला. जलजला म्हणजे भूकंप हे तिला ठाऊक होतं, पण लातूरला भूकंप कसा होईल, हे काही केल्या डोक्यात शिरेना. मग रेडिओ लावला. पहाटे चारच्या सुमाराला. किल्लारी. औसा. उमरगा. हजारो माणसं.

तिचं माहेर किल्लारीपासून दोन कोसांवर होतं. दगडमातीची घरं, हातभर रुंद भिंती, वर मातीचं माळवद. आणि आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती.

"अलीझा गावाला गेली असंल का हो?" तिनं विचारलं. लालमहंमद चपला शोधायला लागला.

गल्लीतल्या एका डॉक्टरांकडं फोन होता. लातूरसाठी कॉल लावला. ऑपरेटर म्हणाला, लाइन बंद आहे. पुन्हा लावला. पुन्हा बंद. तार केली. संध्याकाळपर्यंत गल्लीतली म्हातारी माणसं एकेक करून घरी आली. कुणाची बहीण उमरग्याला, कुणाचं सगळं गोत औशाला. चाळीस वर्षांत ज्या गावांची नावं या गल्लीत कुणी काढली नव्हती, ती ते एकमेकांना विचारत होते.

सुलतानबीनं पिशवी भरायला घेतली. "उद्या निघायचं."

पण दुसऱ्या दिवशी जुम्मा. तिकडं शुक्रवारी कचेऱ्या बंद. पोलिसांत नोंद केल्याशिवाय शहर सोडता येत नव्हतं. आणि लाहोरला पोचून पुन्हा अमृतसरची गाडी धरायची होती. सुलतानबी शुक्रवारभर ओसरीतल्या खाटेवर बसून राहिली. वर्तमानपत्रात फोटो आला होता. दगडांचा ढीग, त्यावर बसलेली एक बाई. तिनं तो इतका जवळ धरून पाहिला, की शेवटी जाऊबाईंनी हळूच पेपर काढून घेतला आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ठेवलं. त्या दिवशी दोघींना भाषेची गरज लागली नाही.

त्यातच अम्मीचा दम वाढला. डॉक्टर येऊन गेले. लालमहंमद बायकोजवळ येऊन बसला.

"चार दिवस थांब. तारेचं उत्तर येईल. मग दोघं जाऊ."

"उत्तर कोण देईल?"

"अम्मीला या हालतीत सोडून कसा येऊ मी? सुलताना, मला आई आत्ता मिळाली."

"तुमची आई तुमच्या डोळ्यांपुढं हाय," ती म्हणाली. "माझी लेक कुठं हाय ते मला ठाऊक न्हाई. माझी आई कुठं हाय ते ठाऊक न्हाई. तुम्ही बसा. मी चालले."

आतून म्हातारीनं हाक मारली. तिनं सगळं ऐकलं होतं. सुनेचा हात धरून, दर दोन शब्दांनी थांबत ती म्हणाली, "मी पोराला तापात ठिवून आले. महिन्याचं म्हनून आले. तू थांबू नगंस. जा." मग मुलाकडं बघून, "तू बी जा." लालमहंमदनं मान हलवली, पण तो जागचा हलला नाही.

शनिवारी सकाळी थोरल्या भावांनी कचेरीतले शिक्के मिळवले आणि संध्याकाळी तिला लाहोरच्या गाडीत बायकांच्या डब्यात बसवलं. लालमहंमद खिडकीशी उभा होता. "मी येतो. अम्मीला जरा बरं वाटलं की लगेच." गाडी हलली. सुलतानबीनं त्याच्याकडं पाहिलंच नाही.

आयुष्यात ती लातूरहून औशालासुद्धा एकटी गेली नव्हती. बाहेर वाळू आणि सपाट रान. स्टेशनांची नावं वाचताही येत नव्हती. शाळा मराठी, अरबी अक्षरं जेमतेम कुराणापुरती. समोर मुलतानकडची एक म्हातारी होती. तिची बोली सुलतानबीला कळेना, हिची तिला. तरी म्हातारीनं रोटीचा अर्धा तुकडा हिच्या हातात कोंबला. "लातूर," सुलतानबी म्हणाली, आणि दोन्ही हातांनी घर पडल्याची खूण केली. म्हातारीनं तिला मांडीवर निजवलं. मुलतान आल्यावर उतरताना शेजारणीला तिची काळजी घ्यायला बजावून गेली.

सोमवारी सरहद्द ओलांडली. आपल्या बाजूच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट उलटसुलट केला.

"नवऱ्याबरोबर गेली होतीस. नवरा कुठाय?"

"त्यांची आई आजारी हाय."

"म्हणजे तिकडंच राहिला?"

"येतील."

"कधी?"

हाच प्रश्न दोन दिवस ती स्वतःला विचारत होती. अधिकाऱ्यानं पत्ता पाहिला आणि त्याचा आवाज बदलला. "लातूर? लातूरची आहेस तू?" त्यानं शिक्का मारला आणि हमालाला सांगून तिची पिशवी गाडीपर्यंत पोचवली.

अमृतसर, दिल्ली, मग सोलापूर. सोलापूरच्या एसटी स्टँडवर कपड्यांची गाठोडी आणि धान्याची पोती घेऊन निघालेली माणसं होती. लातूरची गाडी तुळजापूर, औशावरनं गेली. रस्त्याला मिलिटरीच्या गाड्या, तंबू, आणि एक वास. बस पुढं गेली तरी तो अंगाला चिकटून राहिला.

कराची सोडल्यापासून नवव्या दिवशी ती घरी पोचली. गल्ली उभी होती. भिंतीला एक तडा, बाकी काही नाही. सिंधुमावशीच्या दारात अलीझा तांदूळ निवडत बसली होती.

सुलतानबीनं पिशवी दारातच ठेवली. तिनं लेकीला जवळ घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. पोर मात्र ताठच. डोळे कोरडे.

"नानी?"

अलीझानं तांदूळ पुन्हा पुढं ओढले. सिंधुमावशीच म्हणाल्या, "माती दिली हो. तिसऱ्या दिवशी सापडल्या. गावाकडचे तुमचे भाऊ शेतात जागलीला होते, ते तेवढे वाचले."

पुढचं अलीझानं आठ दिवसांनी सांगितलं, ताटावरून मध्येच उठून. चतुर्दशीची सुट्टी होती खरी, पण सरांनी तीस तारखेला सकाळी टेस्ट ठेवली. नानी गावाला जायचं रद्द करून थांबणार होती. "पोरीला एकटी कशी सोडू," म्हणत होती. रात्रंदिवस मागं लागायची, दूध पी, दिवा मालव, डोळे जातील. "मीच भांडले, अम्मी. म्हटलं, तू जा तुझ्या गावाला, मला अभ्यास करू दे. सिंधुमावशीकडं झोपते मी. ती रडली. दुपारच्या एसटीनं गेली."

सुलतानबीनं आपलं ताट बाजूला सारलं. एक क्षण तिला लेकीचा राग आला, खरोखरचा, आणि त्या रागाची तिला भीती वाटली. मग तिनं अलीझाला ओढून शेजारी बसवलं.

"तू न्हाई मारलंस तिला."

"मी जा म्हटलं ना."

"मी न्हाई कराचीला गेले असते तर ती आपल्याकडं आलीच नसती. तिच्या घरीच निजली असती, रोजच्यासारखी. आन तू तिच्यासंगं गेली असतीस तर..." तिनं लेकीचा हात घट्ट धरला. अलीझा पहिल्यांदा रडली.

पुढच्या मार्चात अलीझानं दहावी दिली, जूनमध्ये चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढे वाटायला मात्र तिनं साफ नकार दिला.

घरी पोचल्यावर तिनं अलीझा सुखरूप असल्याची तार कराचीला केली होती, पण नवऱ्याचं पत्र येईना. सुलतानबीनं भूकंपानंतरच्या त्या दिवाळीआधीच दुकान उघडलं. चिकटवायची चिक्की म्हणजे खळ शिजवणं, घड्या घातलेल्या पानांचे फर्मे सुईनं शिवणं तिला येत होतं. लालमहंमदच्या हाताखाली तिनं बरंच केलेलं होतं. पोरं नोट्स घेऊन येत. भूकंपानं क्लास थांबले नव्हते. उलट गावं गेलेल्या घरांतली पोरंही आता इथं शिकायला येत होती. लोक विचारत, "भाई कधी येणार?" ती म्हणे, "येतील." काही जण तिच्या माघारी भलतं बोलत. तिच्या कानावर यायचं.

डिसेंबरात तार आली. अम्मी गेली. आणि जानेवारीच्या थंडीत एका सकाळी लालमहंमद दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. दाढी पांढरी, अंगावर भावाचा कोट. सुलतानबीनं त्याला पाणी दिलं. मग सुई हातात घेऊन अर्धा राहिलेला फर्मा पुरा केला.

सासरच्या त्या घराबद्दल दोघांत वर्षानुवर्षं बोलणं झालं नाही. पुढं अलीझा नांदेडला गेली, एका क्लासमध्ये गणित शिकवू लागली, तिचं लग्न झालं. दुकानात झेरॉक्स आलं, स्पायरल आलं. सन दोन हजार सातच्या एका दुपारी दोघं नोट्सच्या घड्या घालत बसले असताना लालमहंमद एकाएकी म्हणाला, "तेव्हा मी तुझ्यासंगं यायला पाहिजे होतं."

सुलतानबीनं हातातली घडी पुरी केली. "आला असता तर तुमची आई तुमच्याबिगर गेली असती."

त्यानं घडी घातलेले कागद ठोकून सारखे केले.

"पण मी नऊ दिवस एकटी होते," ती म्हणाली. "ते बी खरं हाय."

"हाव, खरं हाय," लालमहंमद म्हणाला. त्यानं पुढचा गठ्ठा ओढून घेतला, अर्धा तिच्यापुढं सरकवला, आणि दोघं पुन्हा घड्या घालायला लागले.