सुमेधचा ब्रेक घरीच राहिला

माझ्या भावाला पायातल्या पट्ट्यांनी मारलं नाही.

सुमेधला जाऊन आज वर्ष झालं. सकाळी उठून फोन बघितला तर त्याच्या सायकल ग्रुपची पोस्ट. त्याचा हसरा फोटो, मेणबत्त्या, आणि खाली उपदेश : "रायडर्स, पट्टे घट्ट बांधू नका. आपण एक भाऊ गमावलाय."

वा. म्हणजे जीवही त्याचा गेला आणि चूकही त्याचीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुमेध फिक्सी चालवायचा. या सायकलीचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरतच राहतं. उतारावर पाय नुसते ठेवून आरामात जाणं नाही.

चेंबूरच्या घरात, हॉलच्या मधोमध सायकल उलटी ठेवून त्याने मला हे समजावलं होतं. आईची भाजी निवडायची परात पायाने बाजूला सरकवून.

"बघ ताई, पायाने मागे जोर दिला की चाक स्लो होतं. पण पाय पेडलवरून सुटला तर जोर कसला देणार? म्हणून पेडलवर हा पट्टा."

"आणि तरी सुटला तर?"

"मग हा आहे ना." त्याने हँडलवरचा ब्रेक दाबून दाखवला. "पट्टा पण, ब्रेक पण. मी काय येडा आहे का?"

येडा नव्हता. फक्त त्याला कुणाला नाही म्हणता यायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात बिल्डिंगच्या गेटवर थांबताना पट्ट्यातून पाय वेळेत निघाला नाही आणि साहेब सायकलसकट आडवे. वॉचमन हसला. सुमेधपण हसला.

आई नाही हसली.

"पाय बांधून कोण सायकल चालवतं रे? जनावर आहेस का?"

त्या दिवसापासून घरात नियम झाला. तो निघाला की आई गेटपर्यंत जायची, वाकायची, आणि बूट आणि पट्ट्याच्या मध्ये बोट घालून बघायची. लहानपणी शाळेच्या चड्डीचं इलॅस्टिक बघायची ना, तसं. बोट सहज आत गेलं पाहिजे. नाही गेलं तर पट्टा सैल करायला लावायची.

तो करायचा. "खूश, आई?" म्हणायचा आणि सुटायचा.

चाललं असतं तेही. पुढे ब्रेक होता.

मग हा ग्रुप आला.

ग्रुपचा एक म्होरक्या आहे, त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. त्याचा कायदा असा की खऱ्या फिक्सीला ब्रेक नसतो. "ब्रेकच पाहिजे तर गिअरवाली घे ना भावा, आमच्यात कशाला येतोस?" रविवारची राइड संपली की खारदांड्याला भिंतीला सायकली टेकवून फोटो काढायचे. ब्रेकवाल्या सायकली मागे, दिसणार नाहीत अशा.

एका रविवारी सुमेधचा मेसेज आला, फोटोसकट.

"ताई, आज पुढच्या रांगेत!"

मी त्याचा चेहरा बघितला. इतका खूश होता. हँडलकडे कोण बघतं?

आईसाठी पट्टा सैल. कॅप्टनसाठी ब्रेक काढलेला.

पोराने सगळ्यांचं मन राखलं.

उड्डाणपुलाच्या उतारावर पुढचा टँकर अचानक थांबला. सुमेधच्या मागे त्याचा मित्र साहिल होता. हॉस्पिटलच्या बाहेर त्याने रडत रडत मला सांगितलं, "ताई, त्याने मागे जोर दिला आणि पाय पट्ट्यातून बाहेरच आला. पेडल गरगर फिरत होतं. थांबायला त्याच्याकडे काहीच नव्हतं यार."

हे साहिलने ग्रुपवर कधीच लिहिलं नाही. बरोबर आहे, त्याला अजून त्यांच्यासोबत राइड करायचीय.

कॅप्टनने त्याची वेगळी स्टोरी बनवली. पट्टा घट्ट होता म्हणे, उडी मारता आली नाही. पुण्यानुमोदनाला पांढरे कपडे घालून आला आणि प्रत्येकाला तेच सांगत बसला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि आई कोपऱ्यात बसून म्हणाली, "मी दोन बोटं घालून बघायला पाहिजे होतं."

वर्षभर ती हेच म्हणतेय. खरं ऐकून ती खचेल म्हणून मी तोंड उघडत नव्हते.

आज ती पोस्ट वाचली आणि तिच्यासमोर जाऊन बसले.

"आई, पट्टा घट्ट नव्हता. सैल होता. म्हणून पाय सुटला. पण ब्रेक असता ना, तर सैल पट्ट्यानेही काही झालं नसतं. तुझी चूक नाही."

मला वाटलं, आता ही कोसळणार.

मग तिने एवढंच विचारलं, "ब्रेक कुठाय?"

माळ्यावर, पेपरात गुंडाळलेला. वायरसकट नीट ठेवला होता त्याने. टाकून नव्हता दिला.

आईने तो मांडीवर घेतला, पदराने पुसला आणि दाबून बघितला.

तर कॅप्टन, तुझ्या त्याच पोस्टमध्ये लिहिलंय की आज संध्याकाळी सुमेधच्या नावाने मेमोरियल राइड आहे.

आम्ही येतोय. आई आणि मी.

आज ती कुणाच्या पट्ट्यात बोट घालून बघणार नाही. निघायच्या आधी प्रत्येकाच्या हँडलवरचा ब्रेक स्वतःच्या हाताने दाबून बघणार आहे. तुझाही.

ज्याच्या सायकलला ब्रेक नाही, त्याने माझ्या भावाचं नाव घेऊन निघायचं नाही. आणि फोटो काढायचाच असेल तर मागे उभं राहायचं, दिसणार नाही असं.

खाली कमेंटमध्ये भावपूर्ण श्रद्धांजली लिहू नका कुणी. ब्रेक लावून या.

सुम्या, तू येडा नव्हतास रे.

जयभीम, बाळा.