स्ट्रॉबेरीच्या वासाचं पेन

पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवणाऱ्या तिला सगळे बदकमावशी म्हणत. पावलं बाहेर टाकत, डुलत चालायची म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तिला त्याचा राग नव्हता. उलट पाण्याला भ्यालेलं एखादं मूल पायरीवर अडून बसलं, की ती म्हणायची, "बदक बुडालेलं कधी पाहिलंयस? मग धर माझा हात."

सख्खी मावशी मात्र ती एकीचीच. बहिणीची बदली दुसऱ्या शहरात झाली, तेव्हा दहावी झालेली भाची मावशीकडे राहायला आली. पोरगी पाण्यात मासोळी आणि घरात वादळ. ओले टॉवेल पलंगावर, चपला दारात आडव्या. मावशी दिवसभर कुरकुरायची आणि शेजारणीपाशी तिचं कौतुक करताना थकायची नाही.

त्या वर्षी भाची सरावात मागे पडू लागली. मध्येच कठडा धरून खोकायची. "सर्दी आहे गं," म्हणायची. मावशीने वाफारा दिला, काढा पाजला. खोकला हटेना. पोरीच्या कपड्यांना हल्ली स्ट्रॉबेरीचा छान वास यायचा, तेवढं मावशीला आवडलं होतं. "कुठला गं शाम्पू? मला पण आण," असं तिने एकदा म्हटलंही. भाची नुसतीच हसली.

मग एका दुपारी टॉवेल झटकताना एक गुलाबी, जाडसर पेन खाली पडलं. मावशीने ते उचललं आणि वाणसामानाच्या कागदावर लिहून पाहिलं. उमटेना. दोनदा झटकलं, टोकावर फुंकर मारली. तेवढ्यात भाची आत आली आणि दारातच थिजली.

"मावशी, ते पेन नाहीये."

"मग काय आहे?"

"व्हेप. ओढायचं असतं." मग घाईघाईने, "सिगारेट नाही हं! नुसती वाफ असते. क्लासमधले सगळेच ओढतात."

"वाफ इस्त्रीतूनही निघते, बाई. ती कुणी खिशात लपवून हिंडत नाही."

पोरीला हसू आलं आणि लगेच रडूही. सुरुवात मजा म्हणून झाली होती. आता सकाळी डोळे उघडले की आधी हात उशीखाली जायचा. नाही मिळालं तर डोकं भणभणायचं. मावशीने ओठांवर आलेली शिवी गिळली आणि पोरीला जवळ घेतलं.

संध्याकाळी दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी छाती तपासली आणि सरळ सांगितलं, "ही साधी वाफ नसते. यात निकोटिन असतं आणि तुझ्या वयात त्याची चटक फार लवकर लागते. श्वासनळ्या सुजतात. आणि हे वास कशाकशाचे केलेले असतात, ते छातीत जाऊन पुढे काय करतील, हे आम्हालाही पुरतं ठाऊक नाही."

"पोलीस मला पकडतील?" भाचीने बारीक आवाजात विचारलं.

"कायद्याने याच्या विक्रीवर बंदी आहे. घाबरायचं ते विकणाऱ्याने. तू बरी व्हायचं बघ."

विकणारा होता क्लासखालचा मोबाइलची कव्हरं विकणारा दुकानदार. लहानपणी मावशीच्याच गळ्याला लटकून पोहायला शिकलेला. मावशी दुकानात गेली, तर त्याने आधी कानावर हात ठेवले. मग म्हणाला, "मी नाही विकलं, तर दुसरा विकेल."

"दुसऱ्याला मी पाण्यात सांभाळलं नव्हतं, तुला सांभाळलं होतं," ती म्हणाली. तिथून ती पोलीस चौकीत गेली आणि तक्रार दिली. माल जप्त झाला, खटला उभा राहिला. दुकानदाराच्या आईने रस्त्यात मावशीशी बोलणं सोडलं. ते तिला फार लागलं, पण तक्रार तिने मागे घेतली नाही.

घरातले पुढचे दिवस सोपे नव्हते. भाची तडकायची, दार आपटायची, मग येऊन मावशीच्या मांडीवर डोकं ठेवायची. डॉक्टरीणबाईंकडे दर आठवड्याला जाणं चालूच होतं. खोकला हळूहळू उतरला.

परीक्षेच्या तोंडावर एकदा ती क्लासमधून आली आणि चपलाही न काढता म्हणाली, "मावशी, आज मैत्रिणीकडचं ओढलं. एकदाच. पण ओढलं."

मावशी भाजी चिरत होती. सुरी बाजूला ठेवून तिने पोरीकडे नीट पाहिलं.

"सांगितलंस ते बरं केलंस. उद्या डॉक्टरीणबाईंनाही सांगू. आता हातपाय धू आणि इथे बस. मटार सोलायचेत, हाताला काम हवं तुझ्या."

पोरगी बसली. सोललेले निम्मे मटार तिच्याच तोंडात गेले आणि मावशीने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.