मामांची फिरती कोंबडी

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या कोपरीत नाही, आणि पलीकडे ठाणे पश्चिमेला कुठे असलाच तर त्याने पूल ओलांडून इकडे येऊ नये, त्याचा निभाव लागणार नाही. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक कुणी भजनाला लागले, कुणी नातवंडांना शाळेत सोडायला लागले. मामांनी कोंबडी फिरवायला घेतली. एका मॉलमध्ये काचेच्या कपाटात सळईवर गोल फिरणाऱ्या अख्ख्या कोंबड्या त्यांनी पाहिल्या, एक घरी आणून खाल्ली, आणि "हिला नुसतं फिरवलंय, संस्कार काही नाहीत" असा शेरा मारून स्वतःचं यंत्र बांधायला बसले. भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर, जुन्या सायकलची चेन, आडवा कापलेला पत्र्याचा डबा आणि त्यात कोळसा, असं ते यंत्र त्यांच्या तळमजल्यावरच्या घरामागे, कपडे वाळत घालायच्या जागेत उभं आहे. ते करकरायला लागलं की वरच्या मजल्यावरच्या बायका मुकाट्याने दोरीवरचे कपडे आत घेतात. एकदा एकाचा शर्ट बाहेर राहिला, तर सोमवारी ऑफिसात सगळे त्याच्या डब्यात डोकावायला लागले म्हणे. हे मामांनीच सांगितलेलं, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून द्यावं.

मसाला आदल्या दिवशीच लागला पाहिजे, हा त्यांचा पहिला नियम. आता रविवारच्या कोंबडीचा आदला दिवस म्हणजे शनिवार, आणि मामा शनिवार कडक पाळतात. दुसऱ्या कुणी नियम सैल केला असता, निदान वार तरी बदलला असता. मामांनी शेजार वापरला. कोंबडी शनिवारी शेजारच्या वहिनींच्या घरी उतरते, त्यांच्याच फ्रिजमध्ये मुक्काम करते आणि मसालाही वहिनीच लावतात. मामा त्यांच्या दारात पाठ फिरवून उभे राहतात, कारण कोंबडी दृष्टीला पडता कामा नये, आणि तोंडाने सूचना देत राहतात: मिरची थांबवा, लिंबू पिळा, मांडीला चिरा खोल द्या. मीठ मात्र स्वतःच्या हाताने. मिठाला शनिवार नसतो, असं त्यांचं म्हणणं. ते मूठभर मीठ घेऊन, मान न वळवता, हात मागे करतात आणि वहिनी त्याखाली भांडं धरतात. न बघता, न चाखता घातलेलं ते मीठ इतक्या वर्षांत एकदाही चुकलेलं मी पाहिलेलं नाही. वहिनी अजून हसतात, पण रविवारी एक तंगडी त्यांच्या घरी पोचती होते.

कोंबडीबरोबरची चटणी रविवारी सकाळी होते. फडक्यात टांगलेलं दही, घरची साय, लसूण, कोथिंबीर, आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेला पुदिना नि ओव्याची पानं. मामी तिला हिरवं श्रीखंड म्हणतात. ती चटणी घोटताना मामा इतक्यांदा चाखतात की जेवायला बसेपर्यंत त्यांची भूक मेलेली असते. जेवताना टेबलावर मीठ ठेवायचं नाही, हा दुसरा नियम. एका भाच्याने एकदा वरून मीठ मागितलं, त्याला पुढे कितीतरी दिवस बोलावणं नव्हतं.

अशा माणसाशी माझ्या वडिलांची गाठ पडली ती आमच्या लग्नात. बाबा म्हणजे ताटातला दोष शोधायलाच जन्माला आलेले. आईने जन्मभर ऐकलं: आज भाजीत मीठ पुढे गेलं, आज आमटीत मागे राहिलं. लग्नात स्वयंपाकघराची जबाबदारी मामांकडे होती, आणि भर पंगतीत, वरपिता या नात्याने, बाबांनी मसालेभात गिचका झाल्याचं जाहीर केलं. मामांनी हात जोडून ऐकून घेतलं, कारण व्याह्यांचा मान. पण तेव्हापासून बाबांचा विषय निघाला की ते फक्त "परीक्षक काय म्हणतात?" एवढंच विचारायचे.

गेल्या वर्षी आई गेली. बाबा आमच्याबरोबर डोंबिवलीलाच असतात. रडले नाहीत, आजारी पडले नाहीत, फक्त जेवणाबद्दल बोलायचे थांबले. जे वाढू ते खायचं आणि उठायचं. सुरुवातीला आम्हाला वाटलं, निवळले. एके दिवशी बायको आमटीत मीठ घालायलाच विसरली. बाबांनी वाटीभर आमटी पिऊन टाकली आणि हात धुवायला गेले. ती ओट्यापाशी उभी राहून रडायला लागली. "अरे, बाबा काही बोलतच नाहीत रे," एवढंच म्हणत होती. मग तिने मामांना फोन केला.

मामा समाचाराला आले नाहीत. त्यांनी मला फोनवर हुकूम सोडला, रविवारी व्याह्यांना घेऊन या. बाबा नको नको म्हणत होते, तरी त्यांना गाडीत घातलं. शिळफाट्याला गाडी अडकली तेव्हा मला वाटलं, ते आता परत फिरा म्हणतील. तेही म्हणाले नाहीत. कोपरीला पोचल्यावर मामांनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. यंत्रापाशी खुर्ची टाकून बाबांना बसवलं आणि चेन उतरतेय का बघा, असं काम लावून दिलं. बाबा तासभर त्या फिरत्या कोंबडीकडे बघत बसले.

पानं वाढली. बाबांनी एक तुकडा चटणीत बुडवून तोंडात घातला, चावला आणि थांबले.

"यात मीठ नाहीये," ते म्हणाले.

मामींचा हात हवेत राहिला. आम्ही कुणी मामांकडे बघितलं नाही.

"काय म्हणालात?" मामांनी विचारलं.

"अजिबात मीठ नाहीये. आणि पुदिना जास्त झालाय. हिने असं केलं असतं ना, तर मी ताटावरून उठलो असतो." बाबांनी चटणीत बोट फिरवलं. "नसतो उठलो. नुसताच बोललो असतो."

आई गेल्यापासून तिचा उल्लेख त्यांनी पहिल्यांदा केला होता. मग ते रडले, आणि रडता रडता तिच्या हातच्या तळलेल्या बांगड्याबद्दल बोलायला लागले, आणि बोलतच राहिले. मामांनी स्वतः उठून आतून मिठाची बरणी आणली, बाबांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "घाला तुमच्या हाताने." बाबांनी घातलं, कालवलं. मामांनी बोट लावून चाखलं आणि मान हलवली.

निघताना मी मामांना फाटकापाशी गाठलं. चटणी त्यांनी सकाळी नेहमीसारखीच चाखत घोटली होती, हे मामींनी मला मघाशीच सांगितलं होतं. मी विचारलं, मामा, मीठ मुद्दाम राहिलं ना?

साऱ्या आयुष्यात स्वतःची चूक कबूल न केलेल्या त्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाही हो जावईबापू," ते म्हणाले, "चुकलं माझं. वय झालं आता."

मी खाली वाकून नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसलो. बाबा मागे बसून पुदिन्याला नावं ठेवत होते. डोंबिवली येईपर्यंत ते थांबले नाहीत, आणि मी गाडी सावकाशच चालवली.