व्हायोलिनच्या पोटातला खांब

माझ्या हातांचा मला फार गर्व आहे. होता, असं खरं तर म्हणायला हवं, पण सवय जात नाही. चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये मी बावीस वर्षं काढली. डाय बिघडली, फिक्स्चर ढिलं झालं, एखाद्या मशिनमधून नको तो आवाज यायला लागला की साहेबलोक मलाच शोधत येतात. भोसरीतल्या आमच्या सोसायटीतही तेच. कुणाचा मिक्सर, कुणाची शिलाई मशिन, कुणाच्या दाराचं लॅच. ‘राव, जरा बघता का?’ असं कुणी म्हटलं की माझी छाती फुगते, हे बायकोला पाठ झालेलं आहे.

मुलगी व्हायोलिन शिकायला लागली आणि घरात पहिल्यांदा अशी वस्तू आली, जिच्यापुढे माझं काही चालेना.

शिकवणारे सर दिघीचे. जन्म गेला फौजेच्या बँडमध्ये. परेडला क्लॅरिनेट आणि अफसरांच्या मेसमध्ये जेवणावळ असली की व्हायोलिन. निवृत्त झाल्यावर त्यांनी लष्कराच्या हद्दीच्या भिंतीजवळ घर बांधलं आणि हॉलमध्ये सहा स्टँड मांडून विलायती संगीताचा क्लास सुरू केला. माझी मुलगी आठव्या वर्षी एका मैत्रिणीच्या मागे मागे तिथे गेली. मैत्रीण दोन महिन्यांत गळाली, ही राहिली.

क्लास गुरुवारी आणि रविवारी. गुरुवारी आमच्या पट्ट्यातल्या कंपन्या बंद असतात, म्हणून तेव्हा मी तिला घेऊन जायचो आणि चपलांच्या रॅकशेजारच्या खुर्चीत तासभर बसायचो. बसून बसून मलाही थोडं समजायला लागलं. पाच रेघा, त्यांच्या सुरुवातीला ते वळणदार चिन्ह, रेघेवरचे आणि रेघांमधले ठिपके. कागदावरचं ते सगळं मला फार आवडलं. मी आयुष्यभर ड्रॉइंगच वाचत आलो होतो, हेही एक ड्रॉइंगच होतं. ठिपका जितका वर तितका सूर उंच. शार्प म्हणजे अर्धी पायरी वर, फ्लॅट म्हणजे अर्धी पायरी खाली. पोकळ ठिपक्याला मात्रा जास्त, भरीव ठिपक्याला कमी. पियानो लिहिलं की हलक्या आवाजात, फोर्टे लिहिलं की जोरात, अडाजिओ सावकाश, आलेग्रो चपळ. या सगळ्याचा एक तक्ता मी तिला स्केलने रेघा मारून करून दिला होता. सरांनी तो बघून ‘वा, साहेब’ म्हटलं होतं. दोन दिवस मी हवेत होतो.

पण ऐकण्याच्या नावाने शंख. परीक्षेत कानाची चाचणी असते. सर की-बोर्डवर तीन पट्ट्या एकदम दाबायचे आणि विचारायचे, मेजर की मायनर, म्हणजे सुरांचा मेळ उजळ की उदास? एवढ्याशा पोरी पटापट सांगायच्या. मला दोन्ही सारखंच. एकदा सरांनी गमतीने माझ्याकडे बघून विचारलं, “साहेब, तुम्ही सांगा.” मी छातीठोकपणे मेजर म्हणालो आणि सगळा क्लास फिदीफिदी हसला. माझी मुलगी हसली नाही. तिने खाली बघत वही उघडली. ते मला जास्त लागलं.

ती बारा वर्षांची झाली, लहान मापाचं व्हायोलिन तिला पुरेना, तेव्हा सरांनी स्वतःचं काढून तिच्या हातात दिलं. मधल्या काळात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. चालणं-बोलणं सुधारलं, पण डाव्या हाताची दोन बोटं मिटायची बंद झाली. व्हायोलिनला डाव्या हाताची बोटंच लागतात. ते तिला म्हणाले, “माझ्याकडे पेटीत पडून राहील बेटा. हे वाजतं ठेवावं लागतं, नाहीतर आवाज आखडतो. तुझ्याकडे ठेव. पण माझं आहे, हे ध्यानात असू दे.”

त्यानंतर दर गुरुवारी क्लास संपला की ते तिला एक संथ धून वाजवायला लावायचे. मेसमध्ये ते स्वतः ती वाजवायचे म्हणे. पोरी चपला शोधत असायच्या आणि सर डोळे मिटून खुर्चीत बसलेले असायचे. त्यांचा डावा हात मांडीवर असायचा आणि ती दोन बोटं वाकायची धडपड करत असायची. मला सुरातलं कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं की त्या माणसाचं जे काही उरलंय ते या लाकडात आहे.

आता त्या गुरुवारचं सांगतो. परीक्षा दहा दिवसांवर आली होती. सरांनी तारांचं नवं पाकीट दिलं होतं आणि ‘गुरुवारी ये, मी बदलून देतो’ असं मुलीला सांगितलं होतं. ती शाळेत गेली. मी चहा पिऊन बसलो आणि माझी नजर पेटीवर गेली. पोरीच्या एवढ्या मोठ्या परीक्षेत माझा हातभार काय, तर मोटारसायकल चालवणं. मला ते सहन होईना. म्हटलं, तारा आपणच बदलू, आणि बदलतोय तर सगळंच खोलून स्वच्छ करू. कंपनीत महिन्याला मशिनचं करतो तसंच.

“कशाला खोलायलाव ते?” बायको ओट्याजवळून म्हणाली. “सरांचं आहे ते.”

“काही नाही होत. साफ करायलोय नुसतं.”

पेपर अंथरला. चारही तारा सैल करून काढल्या. त्याबरोबर ब्रिज, म्हणजे तारा ज्याच्यावर टेकतात ती लाकडी घोडी, अलगद हातात आली. ना स्क्रू, ना डिंक. शंका तिथेच यायला हवी होती. मी मऊ कापडाने गजाला लावतात त्या राळेची पांढरी पूड पुसली आणि पाठ पुसायला व्हायोलिन उलटं केलं, तर आत काहीतरी गडगडलं.

वरच्या पाटीला असलेल्या लांबट फटीतून मोबाइलचा टॉर्च मारला. आत पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक लाकडी खांब आडवा पडला होता. तो कुठे उभा असणार तेही दिसलं, कारण खालच्या पाटीवर गोल डाग होता. आणि तो डाग मधोमध नव्हता, चांगला एका अंगाला होता. मी मोठ्याने हसलो. म्हटलं, कुणीतरी नुसत्या नजरेने बसवलेला दिसतोय. ब्रिज मध्यावर, तारांचा सगळा भार मध्यावर, मग टेकू बाजूला कसा? आयटीआयचं पहिल्या वर्षाचं पोरगंही ही चूक करणार नाही.

मी मध्य काढला. मधोमध वरची पाटी जास्त फुगीर असते, त्यामुळे तिथे खांब जरा आखूड पडला. माझ्या डब्यात पितळेच्या शिम होत्या, म्हणजे फट भरायच्या पातळ चकत्या. एक गोल कापली, कडा घासून साफ केल्या आणि खांबाच्या बुडाला लावली. मग सायकलचा स्पोक वाकवून त्याचं हत्यार केलं. खांबाच्या दोन्ही टोकांना दोन ट्यूबांचं पक्कं अॅडहेसिव्ह लावलं आणि त्या बोटभर फटीतून तो आत नेऊन उभा केला. पाऊण तास लागला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत नाजूक काम असेल. झाल्यावर मी बायकोला हाक मारून दाखवलं.

“मला नाही कळत त्यातलं,” ती म्हणाली. “पण विचारायचं तरी.”

अडीच वाजता मुलगी आली. मी नव्या तारा चढवून, सूर मोबाइलच्या अॅपवर जुळवून व्हायोलिन तयार ठेवलं होतं. तिने हात धुतले, व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि एक लांब सूर ओढला.

त्या क्षणी मला आयुष्यात पहिल्यांदा फरक ऐकू आला. बंद डब्यातून कुणी बोलावं तसा आवाज. तिने दुसरी तार छेडली, तिसरी छेडली. सगळ्या सारख्याच, दबलेल्या. तिने व्हायोलिन खाली घेऊन फटीतून आत बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

“पप्पा, हे काय केलंत?”

मी सांगितलं. सांगताना निम्म्यातच मला माझा आवाज बारीक होताना कळला. मग स्पोक घेऊन तो खांब हलवून बघितला. हलेना. उपटायला गेलो तर पाटीच करकरली. मी हात मागे घेतला. माझं काम पक्कं झालं होतं, त्यात खोट नव्हती. बावीस वर्षांत मी जे जे बिघडवलं ते ते दुरुस्तही केलं होतं. हे पहिलंच असं होतं की समोर ठेवून नुसतं बघत बसण्याखेरीज मला काही करता येत नव्हतं.

“सरांना तुम्ही सांगाल ना?” निघताना तिने विचारलं.

“सांगतो की. घाबरतो का काय?”

क्लासमध्ये सरांनी तिला पहिला स्केल, म्हणजे सुरांची चढउतार, वाजवायला सांगितला. तिने चार सूर वाजवले असतील, त्यांनी हात वर केला. व्हायोलिन घेतलं, कानाशी नेऊन पाठीवर बोटाने टकटक केलं. मग ड्रॉवरमधून दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा काढला, फटीतून आत सरकवला आणि टॉर्च लावला. बराच वेळ बघत राहिले.

“कुणी केलं हे?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर कदाचित मला बोलता आलं असतं.

मी तोंड उघडलं. पण पाच पोरी आमच्याकडे बघत होत्या, आणि मला तो मेजर-मायनरचा दिवस आठवला, आणि मी तोंड मिटलं.

“माझ्याकडून झालं, सर,” मुलगी म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

“तारा मीच काढल्या. मग आतलं लाकूड पडलं.” ती थांबली. “मग मी ते चिकटवलं.”

“एकटीने?”

“हो.”

“आणि खाली पितळ दिसतंय, ते काय आहे?”

तिला ते माहीत नव्हतं. मी सांगताना शिमचं बोललोच नव्हतो. ती पुन्हा थांबली. खुर्चीतून उठून चार शब्द बोलायचे होते, बस. मी गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिलो.

“पप्पांच्या डब्यातलं घेतलं,” ती शेवटी म्हणाली.

सरांनी टॉर्च बंद केला. “हा खांब चिकटवत नाहीत बेटा,” ते म्हणाले. “वरची पाटी दाबते, खालची दाबते, त्यांच्यामध्ये तो नुसता उभा असतो. आणि मधोमध नसतो. बारीक तारेच्या बाजूला, ब्रिजच्या एका पायामागे असतो. वरची थरथर तोच खाली नेतो. तारा एकदम सगळ्या काढल्या की पडतो, म्हणून एकेक बदलायची.” मग त्यांनी व्हायोलिनच्या कडेवरून बोट फिरवलं. “काम मात्र फार सफाईचं आहे. ज्याने केलंय त्याचा हात चांगला आहे.”

हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली.

“दुरुस्त होईल ना, सर?” मुलीने विचारलं.

“वरची पाटी उघडावी लागेल. जुनं लाकूड आहे, उघडताना फुटलं तर संपलं.” त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि पेटी उजव्या हाताने कपाटावर चढवली. “राहू दे. मला तरी आता कुठे वाजवायचंय.” परीक्षेसाठी त्यांनी तिला क्लासचं पिवळं व्हायोलिन दिलं. त्या दिवशी क्लास संपल्यावर त्यांनी ती संथ धून वाजवायला सांगितली नाही.

परीक्षेत मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. ती अजून त्या क्लासला जाते आणि धून त्यांनी तिला पुन्हा कधीच सांगितलेली नाही. मी आता गेटपर्यंत सोडतो, आत जात नाही. कामं आहेत म्हणून सांगतो. सरांना सगळं माहीत आहे, हे मला माहीत आहे, आणि तरी दोन वर्षांत मला ते त्यांच्या तोंडावर बोलता आलेलं नाही. ऑपरेटरने डाय फोडली आणि दुसऱ्याचं नाव सांगितलं तर मी त्याला सोलून काढतो. इथे माझं नाव कुणीच घेत नाही, आणि मलाही ते घेता येत नाही.

त्या संध्याकाळी परत येताना मुलगी मागे बसली होती, पिवळ्या व्हायोलिनची पेटी आमच्या दोघांच्या मध्ये. मॅगझीन चौकात सिग्नल लागला. मी म्हणालो, “तू कशाला तुझं नाव सांगितलंस?”

ती म्हणाली, “मी मध्ये दोनदा थांबले होते, पप्पा.”

मला वाटलं, काय बोलावं ते सुचत नव्हतं म्हणून थांबली होती. तसं मी म्हणालोही.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही बोलाल म्हणून.”

सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा मी गाडी पुढे काढली.