‘नामशेष’ म्हणायला नकार

रविवार पुरवणीसाठी मी ग्वांचे लोकांवर लेख लिहिला होता. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांचे हे मूळ रहिवासी. पंधराव्या शतकात स्पेनने बेटं जिंकली, अनेकांना गुलाम म्हणून विकलं. हळूहळू त्यांची भाषाही गेली. हा लेख ज्या मालिकेत येणार होता, तिला संपादकांनी नाव दिलं होतं ‘नामशेष जमाती’.

लेख पाठवण्याआधी मी कासा गावावरून आमच्या पाड्यावर आले. मावशी अंगणात नागली भाजत होती. ती धवलेरी, म्हणजे आमच्यात लग्न लावणारी बाई. ऐकता ऐकता अडवायची तिला सवय. तिला लेख वाचून दाखवला. दुष्काळात ग्वांचे लोक बकऱ्यांची पिल्लं आयांपासून तोडत. त्यांचा आक्रोश ऐकून देवाने पाऊस पाडावा म्हणून. इथे तिने थांबवलं.

“लेकरं रडवल्याशिवाय ऐकू येत नाही, असला कसला देव?”

मी पुढे वाचलं. ते जव भाजून दळत. त्या पिठाला गोफिओ म्हणतात.

“म्हणत होते, का म्हणतात?”

“म्हणतात. तिथली माणसं आजही खातात.”

“ती माणसं कोण?”

“बऱ्याच जणांचे पूर्वज ग्वांचे. आता नावं स्पॅनिश, बोलणं स्पॅनिश.”

“मग संपलं कोण, पोरी?”

‘अशा रीतीने ही जमात नामशेष झाली’ हे शेवटचं वाक्य मी खोडलं. तिथूनच संपादकांना फोन लावला आणि मालिकेचं नाव बदलायला सांगितलं.

“अगं, भाषा गेली, देव गेले. उरलं काय?”

“माणसं.”

“बरं, पुढे प्रश्नचिन्ह टाकू. आणि पुढचा भाग वारलींवर तूच लिही.”

मी वारली आहे, हे त्यांना माहीत होतं. फोन स्पीकरवर होता. भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. मावशी म्हणाली, “त्याला सांग, राब भाजायचा राहिलाय. मरायला सवड नाही.”

संपादक हसले. मी हसले नाही.

“प्रश्नचिन्ह नको, सर. नाव बदला, नाहीतर लेख देणार नाही.”

“मग पुरवणीतली तुझी जागा दुसऱ्याला जाईल. कायमची.”

“जाऊ द्या.”

रविवारी तिथे दुसऱ्या कुणाचा मजकूर होता, मालिकेचं नाव तेच. वारलींवरच्या भागासाठी संपादकांनी तलासरीतल्या दोन वार्ताहरांना विचारलं. दोघेही वारली. दोघांनीही नाही म्हटलं.