लांब उडीच्या सिस्टर

सिस्टर चालताना पावलं मोजायच्या. कुवेतच्या जाब्रिया भागातल्या हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून आमच्याकडे आल्या, की लिफ्टपासून दारापर्यंतची "अकरा" पुटपुटतच बेल वाजवायच्या. मूळच्या वेंगुर्ल्याच्या. कॉलेजात असताना लांब उडीत विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या. पुढे नर्सिंग, मग कुवेत. उडी मागेच राहिली. शाळेच्या मैदानावर मला उड्या मारताना पाहून त्यांनी आईला सरळ विचारलं, "हिला माझ्याकडे देता का?" तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, मी त्यांच्या ताब्यात असे.

बारावीत मी अमेरिकेतल्या कॉलेजांच्या कोचना ईमेल पाठवू लागले. बाबा तेल कंपनीत इंजिनीअर. त्यांची अट स्पष्ट होती: पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर अमेरिका, नाहीतर पुणे. पत्रं त्यांनीच लिहून दिली, दोन-दोन पानी. एकाचंही उत्तर आलं नाही. सिस्टरनी ती वाचली आणि चार ओळी ठेवल्या: वय, उंची, सर्वांत लांब उडी, मार्क. सोबत जोडलेल्या माझ्या उड्यांच्या व्हिडिओतलं संगीत काढायला लावलं आणि चुकलेल्या दोन उड्या घालायला लावल्या.

"चुकलेल्या कशाला?" बाबा चिडले.

"साहेब, त्यांना शिकवायचंय. लग्न नाही जमवायचं."

तीन उत्तरं आली. एका नावाजलेल्या कॉलेजनं पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली, पण दोन दिवसांत होकार हवा होता. घरात पेढे आले. सिस्टर म्हणाल्या, "विचार त्यांना, किती मुली मधेच टीम सोडून गेल्या?" मी फोनवर विचारलं. कोच म्हणाला, हा प्रश्न तुझ्या कामाचा नाही.

मी नकार दिला. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. सिस्टरशी तर नाहीच.

मग एकदा सिस्टर आमच्या घरी असताना एका छोट्या कॉलेजच्या कोचबाईंचा फोन आला. बाबांनी रिसीव्हर घेऊन माझे फिजिक्सचे मार्क सांगायला सुरुवात केली. सिस्टरनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "तिचं तिला बोलू द्या."

"तुझं काय कच्चं आहे?" बाईंनी विचारलं.

"शेवटची दोन पावलं आखूड पडतात."

त्या हसल्या. "दिसलं मला. ते मी दुरुस्त करीन."

सहा आठवड्यांनी पत्र आलं. फी, राहणं, जेवण, सगळं त्यांचं. बाबांनी ते तीनदा वाचलं आणि स्वतःच गाडीची किल्ली उचलली. "चल, आधी सिस्टरना दाखवू."

बायकांच्या वॉर्डात त्या औषधं वाटत होत्या. पत्र वाचलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि भर वॉर्डात मला कमरेला धरून उचललं. मग पेशंटांकडे वळून खणखणीत हिंदीत म्हणाल्या, "ये मेरी लड़की है! अमेरिका जा रही है, कूदने!"

कोपऱ्यातल्या कॉटवरची एक कुवेती आजी, काहीही न समजता, टाळ्या वाजवत अरबीत अभिनंदन करू लागली, "मबरूक, मबरूक!" मग अख्खा वॉर्ड टाळ्या वाजवू लागला, आणि दारात उभे असलेले बाबाही.